गाडीचा आवाज : आधी अडथळा, मग साक्षीदार

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघाले आणि पळस्पे फाटा मागे टाकला की थोड्याच वेळात कोन हे गाव लागते. तिथे भरलेल्या शिक्षकांच्या एका शिबिरात ‘ध्वनी’ या प्रकरणावर बोलण्यासाठी आम्ही गेलो होतो. बसायची खोली रस्त्याच्या बाजूला होती. दर मिनिटाला एखादी मालमोटार जायची आणि वाक्य अर्ध्यावर थांबवावे लागायचे. तासभर हे सहन केल्यावर एक बाई उठून म्हणाल्या, “कंपने, तरंग, वारंवारता हे सगळं आम्ही शिकवतोच. पण आमची शाळाही अशीच रस्त्याला लागून आहे. खिडकीकडच्या बाकांवरची मुलं शुद्धलेखनात ‘सात’च्या जागी ‘हात’ लिहितात. ती मुलं कच्ची नाहीत. बाक बदलला की तीच मुलं बरोबर लिहितात. याचं काय शास्त्र आहे ते सांगा.”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर सरळ सांगता आले असते, पण आम्हांला त्या वेळी एक जुनी गोष्ट आठवली. हाच प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंनाही पडला होता. तिथे मालमोटारींऐवजी आगगाड्या होत्या, एवढाच फरक. ती गोष्ट सांगता सांगता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि थोडे जास्तही मिळाले. ते सर्व इथे मांडत आहोत.

दोन चित्रपट आणि एक रेल्वे

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला पूर्ण लांबीचा बोलपट झळकला. तो इंपीरियल कंपनीच्या अर्देशीर इराणी यांनी काढला होता. ध्वनिमुद्रणासाठी परदेशातून ‘तानार’ नावाचे यंत्र आणले होते. स्टुडिओ मात्र मूकपटांच्या काळातला, रेल्वेमार्गाला लागून असलेला. मूकपटाला रेल्वेचा काहीच त्रास नव्हता. गाडी धडधडत जावो की शिटी वाजो, पडद्यावर काहीच उमटत नसे. बोलपटात मात्र प्रत्येक गाडी चित्रपटात शिरू लागली. दर काही मिनिटांनी गाडी जायची. म्हणून बरेचसे चित्रीकरण रात्री एक ते पहाटे चार या वेळात, गाड्या बंद असताना उरकावे लागले. मायक्रोफोन कॅमेऱ्याला दिसू नयेत म्हणून आडोशाला दडवून ठेवले जात.

पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. आणि ‘आलम आरा’नंतर चारच वर्षांनी, १९३५ मध्ये, मालाडच्या बॉम्बे टॉकीज या नव्या संस्थेने आपला पहिला चित्रपट काढला : ‘जवानी की हवा’. हा होता खुनाचा रहस्यपट. नायिका लग्नाच्या दिवशीच घरातून पळून प्रियकराबरोबर गाडीत बसते. वडील पाठलाग करत येतात. एक खून होतो आणि तो कोणी केला हा प्रश्न उभा राहतो. कथेचा मोठा भाग आगगाडीतच घडतो.

हे वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. ज्या आगगाडीमुळे १९३१ साली रात्र रात्र जागावे लागले, तीच आगगाडी १९३५ साली कथेच्या मध्यभागी आली. मधल्या चार वर्षांत आगगाडीचा आवाज काही कमी झाला नव्हता. बदलले होते ते आवाज हाताळण्याचे तंत्र.

बॉम्बे टॉकीज ही संस्था हिमांशु राय यांनी १९३४ मध्ये स्थापन केली. देविका राणी तिच्या पहिल्या नायिका. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायालेखक जोसेफ विर्शिंग हे जर्मनीहून आलेले. या स्टुडिओत ध्वनिरोधक दालने होती, स्वतःची रासायनिक प्रयोगशाळा होती, संकलनाच्या खोल्या होत्या. म्हणजे आवाज बाहेरून आत येऊ द्यायचा नाही, आणि हवा असेल तेव्हा आपल्या मापाने आत आणायचा, अशी सोय होती. ही सोय एवढी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी फिल्मवर आवाज कसा लिहिला जातो ते पाहू.

आवाजाचा प्रकाश, प्रकाशाचा आवाज

फिल्मची पट्टी ३५ मिलीमीटर रुंद असते. चित्रांच्या कडेला सुमारे अडीच मिलीमीटर रुंदीची एक अरुंद पट्टी राखलेली असते. ही ध्वनिपट्टी. मायक्रोफोनमध्ये आवाजाची विद्युत होते. ही विद्युत प्रवर्धित करून तिच्या चढउतारांप्रमाणे एका बारीक फटीतून येणारा प्रकाश कमीजास्त केला जातो. फिल्म त्या फटीसमोरून सरकते आणि प्रकाशाचे चढउतार तिच्यावर उमटतात. एका पद्धतीत पट्टीचा काळेपणा कमीजास्त होतो. करड्या रंगाच्या आडव्या रेघांची शिडी दिसते. दुसऱ्या पद्धतीत काळेपणा तोच राहतो, पण काळ्या भागाची रुंदी बदलते. डोंगररांगेसारखी नक्षी दिसते.

चित्रपटगृहात हीच क्रिया उलटी चालते. प्रक्षेपकात एक छोटा दिवा फटीतून ध्वनिपट्टीवर प्रकाश टाकतो. पट्टीतून पार होणारा प्रकाश प्रकाशविद्युत घटावर पडतो. प्रकाश कमीजास्त झाला की घटातून वाहणारी विद्युतही कमीजास्त होते. ती प्रवर्धित करून ध्वनिक्षेपकाला दिली की पुन्हा आवाज. प्रकाश पडल्यावर धातूतून विद्युतकण सुटतात या घटनेची पहिली खूण हाइनरिख हर्ट्झ यांना १८८७ मध्ये दिसली होती, आणि तिचे स्पष्टीकरण आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दिले. पाठ्यपुस्तकात हा परिणाम सहसा एका समीकरणापुरता येतो. पण १९३० नंतर आपल्याकडच्या लहानमोठ्या गावांतही लोक तिकीट काढून त्याचाच अनुभव घेत होते.

आता थोडे गणित. ते आठवी-नववीच्या मुलांना सहज जमेल. बोलपटात दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एका चौकटीची उंची १९ मिलीमीटर. म्हणून फिल्मचा वेग झाला २४ × १९ = ४५६ मिलीमीटर प्रतिसेकंद. कोणी १००० हर्ट्झचा स्वर काढला, तर सेकंदाला १००० लाटा ४५६ मिलीमीटरमध्ये बसवायच्या. एका लाटेला मिळाली जागा ०.४५६ मिलीमीटर, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरहूनही कमी. ५००० हर्ट्झला हीच जागा ०.०९ मिलीमीटर उरते.

इथे फटीची रुंदी आडवी येते. समजा, फट ०.०५ मिलीमीटर रुंद आहे. १००० हर्ट्झच्या लाटेपेक्षा ती खूपच अरुंद आहे. लाटेचा चढ आणि उतार तिला वेगवेगळे दिसतात. पण ९१२० हर्ट्झला लाटेची लांबीच ०.०५ मिलीमीटर होते. मग फटीसमोर एकाच वेळी पूर्ण लाट येते, काळे आणि पांढरे सारखेच भरतात, आणि बाहेर पडणारा प्रकाश बदलतच नाही. आवाज लिहिलेला असूनही वाचता येत नाही. जाड बोरूने बारीक अक्षर काढता येत नाही, तसाच हा प्रकार. सुरुवातीच्या बोलपटांत उंच वारंवारतेचे आवाज हरवत त्याचे हे एक कारण. हा मुद्दा लक्षात ठेवावा. ‘सात’ आणि ‘हात’ यांच्याकडे जाताना तो लागणार आहे.

कान डोळ्यासारखा सोशिक नसतो

मूकपटांचा कॅमेरा बहुधा हाताने फिरवला जाई. सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी, पण कधी कमी, कधी जास्त. माणसे जरा भरभर चालली तरी डोळा ते चालवून घेई. कान मात्र चालवून घेत नाही. फिल्मचा वेग शंभरात सुमारे सहाने वाढला की षड्जाचा कोमल ऋषभ होतो. सोळा चौकटींच्या वेगाने मुद्रित केलेले गाणे चोवीसच्या वेगाने वाजवले तर प्रमाण होते २४ : १६, म्हणजे ३ : २. संगीत शिकणारी मुले हे प्रमाण ओळखतील : षड्जाचा थेट पंचम! म्हणून बोलपटाबरोबर विजेची मोटर आली आणि चोवीस चौकटींचा वेग जगभर पक्का झाला.

आणखी एक गंमत आहे. चित्र प्रक्षेपकाच्या खिडकीसमोर थांबत थांबत सरकावे लागते; प्रत्येक चौकट क्षणभर स्थिर हवी. आवाज मात्र अखंड, एकसारख्या वेगाने सरकायला हवा. दोन्ही गोष्टी एकाच जागी शक्य नाहीत. म्हणून एखाद्या चित्राचा आवाज त्या चित्राशेजारी नसतोच. तो फिल्मवर सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असतो. वीस चौकटी म्हणजे ३८० मिलीमीटर, म्हणजे ०.८३ सेकंद. पात्राचे ओठ हलतात तेव्हा त्याचा शब्द फिल्मच्या दुसऱ्याच भागातून वाचला जात असतो. शिवाय आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एका चौकटीच्या वेळात तो १४ मीटर कापतो. मोठ्या चित्रपटगृहात मागे बसलेल्याला शब्द एक-दोन चौकटी उशिरानेच पोहोचतो. तरीही आपल्याला ओठ आणि शब्द जुळलेले वाटतात. यात मेंदू बरीच मदत करतो.

पिठात मिसळलेले मीठ

‘आलम आरा’च्या तानार यंत्रात आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर, एकाच वेळी नोंदले जात. हे स्वस्त आणि सुटसुटीत होते, पण त्यात एक मोठी अडचण होती. नटाचा शब्द आणि गाडीची धडधड मायक्रोफोनच्या पडद्यावर एकाच वेळी आदळतात. तो पडदा दोन्हींच्या बेरजेइतका हलतो आणि पट्टीवर ती बेरीजच उमटते. सात अधिक पाच बारा होतात. पण नुसते बारा हातात असले तर ते सात आणि पाच होते की नऊ आणि तीन, हे सांगता येत नाही. पिठात मिसळलेले मीठ वेचून काढता येत नाही, तशी गत. म्हणून गाडी येण्याआधी बोलून घेणे किंवा गाड्या बंद झाल्यावर बोलणे हाच उपाय होता.

माणसाचा कान इथे मायक्रोफोनपेक्षा हुशार ठरतो. गाडीच्या डब्यात बसून आपण शेजाऱ्याशी गप्पा मारतो. डब्यातला गोंगाट ८० डेसिबलच्या आसपास जातो, आणि एक मीटरवरचे साधे बोलणे ६० डेसिबल असते. वीस डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनिशक्तीत शंभरपट फरक. आपण आवाज चढवतो, जवळ सरकतो, ओठांकडे पाहतो, दोन कानांनी दिशा ओळखतो, आणि मेंदू हव्या त्या आवाजाचा धागा पकडून ठेवतो. गर्दीतून एकच बोलणे निवडण्याच्या या क्षमतेवर कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एकट्या मायक्रोफोनला यातले काहीच येत नाही. त्याला सगळे आवाज सारखेच.

आता रहस्यपटातला प्रसंग डोळ्यांसमोर आणा. धावत्या डब्यात दोन माणसे दबक्या आवाजात बोलत आहेत. प्रेक्षकाला गाडी धावते आहे हे जाणवले पाहिजे आणि कुजबुजीतला प्रत्येक शब्दही कळला पाहिजे, नाहीतर रहस्याचा धागाच तुटेल. खऱ्या डब्यात खरा मायक्रोफोन ठेवला तर हे अशक्य आहे. उपाय असा : शब्द शांत दालनात मुद्रित करायचे, गाडीचा आवाज वेगळ्या पट्टीवर घ्यायचा, आणि मग दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळून तिसऱ्या पट्टीवर उतरवायचे. आवाजासाठी वेगळी फिल्म वापरण्याची आणि असे मिश्रण करण्याची पद्धत १९३०च्या दशकात जगभर रूढ होत गेली. इथे मीठ पिठात अपघाताने पडत नाही, स्वयंपाकी ते चमच्याने मोजून घालतो. पडद्यावरच्या गाडीचा आवाज खऱ्या गाडीपेक्षा कितीतरी मंद असतो. तो खोटा असतो, पण आपला मेंदू खऱ्या गाडीत जे करतो तेच त्याने आधी करून दिलेले असते. म्हणून तो पटतो.

बंदुकीचा बार आणि कुजबुज

रहस्यपटाची दुसरी अडचण आवाजाच्या व्याप्तीची. कुजबुज सुमारे ३० डेसिबलची. जवळून उडालेल्या बंदुकीच्या बाराचे शिखर १४० डेसिबलच्याही वर जाते. दोन्हींत ११० डेसिबलचे अंतर. जुन्या ध्वनिपट्टीची झेप साधारण ४० डेसिबलचीच. वरची मर्यादा पट्टीच्या रुंदीने ठरते : लाट पट्टीच्या कडेपर्यंत पोहोचली की तिचे टोक कापले जाते. खालची मर्यादा फिल्मवरच्या चांदीच्या कणांमुळे ठरते : ते प्रकाशात सतत बारीकशी खरखर मिसळत असतात आणि तिच्याहून मंद आवाज त्यात बुडतो.

म्हणून जुन्या चित्रपटांतला पिस्तुलाचा बार अनेकदा टाळी वाजवल्यासारखा ऐकू येतो. त्या बाराची टोके कापली गेलेली असतात, आणि वरच्या वारंवारता फटीने गाळलेल्या असतात. तरी आपण दचकतो, कारण त्याआधीची शांतता लांबवलेली असते. बार मोठा करता येत नाही, तेव्हा आधीचा आवाज लहान करायचा, ही युक्ती ध्वनिमुद्रक लवकर शिकले.

आवाज कोणाचा?

आवाज आणि चित्र वेगवेगळ्या फिल्मवर गेले की आणखी एक दार उघडते. तोंड एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा असू शकतो. ‘जवानी की हवा’चे संगीत सरस्वती देवी यांचे होते. त्यांचे मूळ नाव खुर्शीद मिनोचेर-होमजी, पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे त्यांनी संगीताचे शिक्षण घेतले होते. त्यांची बहीण माणेक हिने ‘चंद्रप्रभा’ या नावाने चित्रपटात काम केले. घरंदाज पारशी मुलींनी चित्रपटात जावे याला त्यांच्या समाजातून तीव्र विरोध झाला. नावे बदलण्यामागे हे कारण होते. असे सांगतात, की चंद्रप्रभाचा घसा बसल्यामुळे तिच्या एका गाण्याला सरस्वती देवींनीच आवाज दिला आणि चंद्रप्रभाने फक्त ओठ हलवले. त्याच १९३५ साली कलकत्त्यात नितीन बोस यांच्या ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन योजनापूर्वक वापरले गेले.

इंग्लंडात हिचकॉक यांच्या ‘ब्लॅकमेल’ (१९२९) या खुनाच्या कथेत हे आधीच घडले होते. नायिका ॲनी ऑन्ड्रा यांचे इंग्रजी उच्चार परके वाटत, म्हणून त्यांनी कॅमेऱ्यासमोर ओठ हलवायचे आणि जोन बॅरी यांनी कॅमेऱ्याबाहेर उभे राहून संवाद म्हणायचे, अशी योजना केली होती. या चित्रपटातला एक प्रसंग शिक्षकांनी जरूर पाहावा. नायिकेच्या हातून चाकूने एक माणूस मेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी शेजारीण त्या खुनाबद्दल बडबडते आहे. हळूहळू तिचे बोलणे अस्पष्ट होत जाते आणि ‘चाकू’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा ठळक ऐकू येतो. भेदरलेल्या मनाचा कान आवाज कसा गाळून घेतो ते इथे यंत्राने दाखवले आहे.

शीळ टिकते, ‘स’ हरवतो

‘आलम आरा’नंतर दोनच महिन्यांनी, ११ मे १९३१ रोजी, बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ प्रदर्शित झाला. लहान मुलांचे खून करणारा एक माणूस त्यात आहे. तो अस्वस्थ झाला की ग्रीग या संगीतकाराची ठरावीक धून शिळेवर वाजवतो. फुगे विकणारा एक आंधळा ती शीळ ओळखतो आणि खुनी सापडतो. खुन्याचे काम करणारे पीटर लॉरे यांना शीळ वाजवता येत नव्हती, म्हणून ती लांग यांनी स्वतः वाजवली. म्हणजे इथेही तोंड एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा!

त्या काळच्या तोकड्या यंत्रांत शीळ इतकी स्पष्ट का ऐकू येते? शिळेत जवळजवळ एकाच वारंवारतेची लाट असते, आणि ती सहसा एक ते दोन हजार हर्ट्झच्या आसपास असते. फटीला ती सहज वाचता येते. तिची सगळी शक्ती एकाच ठिकाणी एकवटलेली असल्याने खरखरीतूनही ती वर येते. ‘स’ आणि ‘श’चे तसे नाही. त्यांची शक्ती मुळातच थोडी असते आणि ती चार ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात विखुरलेली असते. ‘आ’सारख्या स्वरापुढे ‘स’ फारच क्षीण. पण शब्दाची ओळख पुष्कळदा व्यंजनावरच ठरते. ‘सात’ मधला ‘स’ बुडाला की मागे उरते ‘आत’ किंवा ‘हात’. मुलाचा मेंदू त्यातला ओळखीचा शब्द निवडतो आणि वहीत ‘हात’ उमटतो.

कोनच्या शिबिरातल्या बाईंचे उत्तर हे असे होते. मालमोटारीची घरघर मुख्यतः खालच्या वारंवारतेची असते, तरी मोठा खालचा आवाज वरच्या क्षीण आवाजालाही झाकून टाकतो; हा कानाचा गुणधर्म आहे. त्यात अंतराची भर. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बाईंजवळ एक मीटरवर ६२ डेसिबल असलेला आवाज चार मीटरवर ५० होईल. भिंतींवरून परावर्तन होत असल्याने वर्गात घट जरा कमी असते, पण परावर्तनाने शब्द एकमेकांत मिसळतातही. मुलांना नीट समजायचे तर शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा निदान १५ डेसिबल वर हवा, असे श्रवणतज्ज्ञ मानतात. खिडकीजवळ रस्त्याचा आवाज ५५ असेल तर तिथल्या मुलाच्या दृष्टीने बाई गोंगाटाच्या खाली बोलत असतात. ते मूल ‘आलम आरा’च्या मायक्रोफोनच्या जागी बसलेले असते, आणि शुद्धलेखनाचे गुण मात्र त्याचेच कापले जातात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. मर्यादा कागदावर असली तरी मोजणी आपण करू शकतो. मोबाइलवरचे ध्वनिमापक अगदी अचूक नसतात, पण एकाच मोबाइलने प्रत्येक बाकावर मोजलेला आकडा तुलनेला पुरतो.

करून पहा

शिबिरात आम्ही हा प्रयोग केला. साहित्य : खेळण्यातला किंवा बागेतल्या दिव्याचा छोटा सौरघट, प्रवर्धक असलेला लहान ध्वनिक्षेपक, विजेरी आणि एक कंगवा.

सौरघटाच्या दोन तारा ध्वनिक्षेपकाच्या आवाज आत घेणाऱ्या वायरीला जोडा. विजेरीचा झोत घटावर टाका. काहीच ऐकू येणार नाही, कारण प्रकाश स्थिर आहे. आता घटासमोर पुठ्ठा ठेवून त्यात एक बारीक उभी फट पाडा आणि तिच्यासमोरून कंगवा आडवा सरकवा. स्वर ऐकू येईल. कंगव्याला एका सेंटिमीटरमध्ये १० दाते असतील आणि तुम्ही तो सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकवलात, तर ३०० हर्ट्झ. जोरात सरकवा, स्वर चढतो. आता फट रुंद करत जा. ती दोन-तीन दात्यांइतकी रुंद झाली की स्वर मंदावतो. जुन्या बोलपटाची संपूर्ण ध्वनियंत्रणा तुमच्या टेबलावर आहे : कंगवा ही ध्वनिपट्टी, हात ही मोटर.

मग विजेरी बंद करून घट जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्याकडे धरा. एक संथ गुणगुण ऐकू येईल. आपली वीज ५० हर्ट्झची. दिवा दर आवर्तनात दोनदा उजळतो, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. कोनला हे ऐकवल्यावर एका गुरुजींनी विचारले, “ही गुणगुण काढून टाकता येईल का?” येईल. पण काढण्याआधी ती काय सांगते ते ऐकावे.

गोंगाटाची साक्ष

वीजजाळ्याची वारंवारता बरोबर ५० हर्ट्झ कधीच नसते. मागणी वाढली की ती किंचित उतरते, कमी झाली की चढते. दक्षिणेचे जाळे ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडले गेले, आणि तेव्हापासून आपल्या देशाचे मुख्य वीजजाळे एकाच ठेक्यावर चालते. या क्षणी कोनमध्ये ती जितकी असेल तितकीच चेन्नईत. हे चढउतार एखाद्या दिवसापुरते, एखाद्या तासापुरते असतात. ते जसेच्या तसे पुन्हा येत नाहीत. त्यामुळे एखाद्या ध्वनिमुद्रणात मागे विजेची गुणगुण असेल, तर ती वीजजाळ्याच्या नोंदींशी ताडून मुद्रण कधी झाले आणि मधेच कापून जोडले आहे का, हे तपासता येते. न्यायवैद्यक शास्त्रात ही पद्धत या शतकात वापरात आली. ज्या गुणगुणीला ध्वनिमुद्रक इतकी वर्षे शिव्या देत आले, ती न्यायालयात साक्षीदार म्हणून उभी राहते.

आज कोणाचाही आवाज संगणकाने हुबेहूब तयार करता येतो. ओठ एकाचे आणि शब्द दुसऱ्याचे ही १९३५ सालची युक्ती आता प्रत्येकाच्या खिशात आहे. अशा वेळी मुलांना एवढे तरी कळावे, की यंत्रातून आलेला आवाज हा घडवलेला असतो; कोणीतरी तो निवडतो, गाळतो, मिसळतो. ‘हा आवाज कोणाचा आणि तो इथपर्यंत कसा आला?’ हा रहस्यपटातल्या पोलिसाचा प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याचाही आहे.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यात एखाद्या गाडीची धडधड चुकून शिरली होती का, हे आता कोणालाच ऐकता येणार नाही. शिरली असती तर १९३१ सालच्या मुंबईच्या एका रात्रीचा तो दाखला झाला असता. ज्याला आपण गोंगाट म्हणतो तो आपल्या त्या वेळच्या प्रश्नाला नको असलेला आवाज असतो. प्रश्न बदलला की तोच हवासा होतो.

शिबिराच्या शेवटी बाईंनी खोलीतले सगळे बाक खिडकीपासून भिंतीकडे सरकवून पाहिले आणि प्रत्येक जागेचा आकडा लिहून घेतला. शाळेत गेल्यावर पहिल्या आठवड्यात हेच मुलांकडून करून घेणार, आणि तोवर शुद्धलेखन शाळा सुटायच्या वेळी न घेता सकाळी, रस्त्यावर वर्दळ कमी असताना घेणार, असे त्या म्हणाल्या. इराणींनी शोधलेला उपाय तोच होता. फक्त त्यांना त्यासाठी रात्री एक वाजेपर्यंत थांबावे लागले.